‘लेणे’ : एका शब्दाचा मागोवा

‘लेणे’ म्हटले की डोंगरात कोरलेली गुहा आपल्या डोळ्यांसमोर येते. आपल्या जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरचे लेणे शैव आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तिन्ही परंपरांची लेणी आहेत. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र गुहेपेक्षा व्यापक आहे.

पालीत हा शब्द ‘लेण’, तर संस्कृतात ‘लयन’ असा आहे. दोहोंच्या मुळाशी ‘ली’ हा धातू आहे. बिलगणे, विसावणे, दडणे हे त्याचे अर्थ. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना पाच लेणांची अनुज्ञा दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे गुहा हा लेणाचा केवळ एक प्रकार होय. संयुत्तनिकायात तर निब्बाणालाही ‘लेण’ म्हटले आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील शिलालेखांत हाच शब्द आढळतो. राजमाता गौतमी बलश्री हिने पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी भिक्खुसंघाला ‘लेण’ दान दिले. उषवदाताच्या लेखात लेण्यासोबत ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, खोदविल्याचा उल्लेख आहे. लोक त्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणत आले. दात्यांची नावे भिंतीवर कोरलेली असूनही वाचणारे उरले नव्हते. श्रीलंकेतील प्राचीन ब्राह्मी लेखांतही संघाला दिलेल्या गुहांना ‘लेणे’ म्हटले आहे आणि आजच्या सिंहलीत ‘लेन’ म्हणजे गुहाच.

दागिना या अर्थाचे ‘लेणे’ मात्र वेगळे. ते अंगावर घालणे या अर्थाच्या ‘लेणे’ क्रियापदापासून आले. ध्वनी एक असला, तरी कूळ एक असेलच असे नाही.

उलट, ध्वनी वेगळा असूनही ‘आलय’ हा शब्द लेण्याचा सगोत्र आहे. विद्यालय, ग्रंथालय, हिमालय या शब्दांत तोच ‘ली’ धातू आहे. पालीत ‘आलय’ म्हणजे आसक्तीही. आसरा आणि आसक्ती एकाच धातूतून निघाव्यात, हे आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. घर सोडून आलेल्या मुलाला निवासी विद्यालयाने प्रथम लेण व्हावे, आणि पंख फुटताच त्याला निर्धास्तपणे जाऊ द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी ही स्मरणिका हाती घेताना आपल्याला मिळालेला आसरा आठवावा आणि तो पुढच्या मुलांसाठी राखावा, एवढीच आमची अपेक्षा.