क्रियापदापुढे ‘टु’ की ‘इंग’?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा पालकांची त्याच्याशी ओळख पाचवीत झाली. तरी एक अडचण दोन्ही पिढ्यांची सारखीच: दुसऱ्या क्रियापदाला आधी ‘टु’ लावावा की शेवटी ‘इंग’? मस्तगडातील नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुला-मुलींसाठी हा छोटासा पाठ.

याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. ‘तो बोलायला थांबला’ यात हेतू आहे, बोलणे पुढे व्हायचे आहे. म्हणून ‘स्टॉप्ड टु टॉक’. ‘त्याने बोलणे थांबवले’ यात चालू क्रिया आहे. म्हणून ‘स्टॉप्ड टॉकिंग’. तसेच ‘सही करायचे लक्षात ठेवा’ म्हणजे ‘रिमेंबर टु साइन’ आणि ‘सही केल्याचे आठवते’ म्हणजे ‘रिमेंबर सायनिंग’. आम्ही बँकेत अर्ज वाचतो, त्यामुळे हा फरक किती महत्त्वाचा ते जाणतो. हप्ते बंद केलेल्या कर्जदाराने ‘आय स्टॉप्ड टु पे’ लिहिले, तर ‘पैसे भरण्यासाठी थांबलो’ असा उलटाच अर्थ होतो.

पुढे करायच्या गोष्टीला बहुधा ‘टु’ लागतो: वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस. चालू वा झालेल्या गोष्टीला ‘इंग’: फिनिश, एन्जॉय, अ‍ॅडमिट. सजेस्ट व अव्हॉइड या नियमात बसत नाहीत. त्यांनाही ‘इंग’च, हे पाठ करावे. ‘लुक फॉरवर्ड टु’ नंतर ‘हिअरिंग’ येते, कारण तेथील ‘टु’ शब्दयोगी अव्यय आहे.

रोज पाच वाक्ये करा, मोठ्याने वाचा. आपला अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये, एवढीच आमची इच्छा.