शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर

"आमचं मांजर घराबाहेर जातच नाही, त्याला लस कशाला?" लखनौत गोमतीनगरच्या फ्लॅटमध्ये पर्शियन मांजर पाळणाऱ्यांचा हा प्रश्न रास्त वाटतो. पण मांजर जात नसलं तरी आपण जातो. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाचा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूचा जवळचा नातलग. त्याला स्निग्ध आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरला तो दाद देत नाही आणि घरात वर्षभरही तग धरू शकतो. आजारी भटक्या मांजराची विष्ठा चपलेला लागून चौथ्या मजल्यावर पोहोचते. नक्खासच्या बाजारातून स्वस्तात आणलेला जुना पिंजराही पुरतो. हा विषाणू आतडी आणि अस्थिमज्जा पोखरतो, पांढऱ्या पेशी कोसळतात. उलट्या, जुलाब, मरगळ, आणि लहान पिल्लू दोन दिवसांतही जाऊ शकतं. त्यावर हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि प्रतिजैविकं देऊन त्याला तगवायचं, एवढंच हाती असतं.

याहून वजनदार आक्षेप असा, की लस देऊनही पिल्लं मरतात. खरं आहे, पण दोष बहुधा वेळापत्रकाचा असतो. आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं पिल्लाला जपतात आणि लसही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. बरेच जण दुसऱ्या डोसनंतर निर्धास्त होतात, तिथंच घात होतो. पुढं सहा महिने ते वर्षाच्या आत एक बूस्टर; नंतर पॅनल्यूकोपेनियासाठी दरवर्षी टोचायची गरज नसते. त्याच इंजेक्शनात हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंवरच्या लसीही येतात; सर्दी-शिंका ते पूर्ण थांबवत नाही, सौम्य करतं. रेबीजची लस वेगळी, आणि ती टाळण्यात माणसाचाही जीव गुंतलेला आहे.

लखनौचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. दुकानातून पिशवीत घालून आणलेल्या कुपीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. दवाखान्याच्या फ्रिजमधलीच टोचून घ्यावी. विषाणू मारायला फरशीला फिनेलही नको, ते मांजराला विषारी. आधी घाण पुसून एक भाग घरगुती ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवावं, मग धुवावं. या रोगानं पिल्लू दगावलेल्या घरात लस न झालेलं पिल्लू वर्षभर आणू नये. लसीकरण पूर्ण झालेलं मोठं मांजर आणायला हरकत नाही.