परवाना नोकराचा, पत मालकाची : नायजेरियातील कुशल तरुणांच्या परदेश-नोकरीचा एक अभ्यास

हुंडी हाती आली म्हणजे अनुभवी व्यापारी प्रथम तीवरील रक्कम पाहत नाही. ती कोणत्या पेढीवर लिहिलेली आहे, हे तो पाहतो. पेढीची पत शाबूत असेल तर कागदास मोल, नसेल तर शाईचा खर्चही वाया. परदेशी नोकरीच्या परवान्याचे रहस्य नेमके हेच आहे. तथापि जे तरुण घरदार गहाण टाकून हा परवाना मिळवू पाहतात, त्यांना ते बहुधा उशिरा उमगते. प्रस्तुत लेखात हा विषय नायजेरिया देशाच्या उदाहरणावरून मांडला आहे.

नायजेरिया हा आफ्रिका खंडातील सर्वांत लोकसंख्येचा देश. वीस कोटींहून अधिक लोक तेथे राहतात. १ ऑक्टोबर १९६० रोजी तो ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. इंग्रजी ही तेथील राजभाषा असून इबादान येथील उच्च शिक्षणाची परंपरा १९४८ पासूनची आहे. डॉक्टर, परिचारिका, अभियंते व संगणकतज्ज्ञ तेथे मोठ्या संख्येने तयार होतात, आणि त्यांपैकी अनेकांची दृष्टी देशाबाहेर लागलेली असते. ह्या ओढीस तेथील योरुबा भाषेत ‘जापा’ असा शब्द रूढ झाला आहे. त्याचा अर्थ झटकन निसटून जाणे. कानाला तो आपल्या ‘जपा’ ह्या शब्दासारखा लागतो. अर्थ निराळा असला तरी जाणाऱ्याने दोन्ही ध्यानी ठेवावेत, असेच पुढील विवेचन वाचून वाटेल.

ओढीचे एक मोठे कारण चलनाचे आहे. जून २०२३ पूर्वी सरकारी दराने एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ मध्ये हा दर १,५०० च्या पलीकडे गेला. पगार आकड्याने तोच राहिला, पण त्याचे मोल बाहेरच्या बाजारात तिसऱ्या हिश्श्यावर आले.

आपल्या सभासदांनी हे का वाचावे? एक तर आपली मुलेही ह्याच दारांवर उभी असतात. पुढे सांगितलेले बहुतेक नियम भारतीय अर्जदारासही लागू आहेत. दुसरे असे की, आपण स्वतः माणसे कामावर ठेवणारे लोक आहोत, आणि ह्या साऱ्या व्यवहारात खरी कसोटी मालकाचीच आहे.

१. मार्गांचे दोन प्रकार

परदेशी कामाचे मार्ग स्थूलमानाने दोन प्रकारांत बसतात. पहिल्यात त्या देशातील एखादा मालक अर्जदारास बोलावतो आणि परवाना त्या मालकाशी बांधलेला असतो. ब्रिटनचा कुशल कामगार व्हिसा व अमेरिकेचा एच-१बी हे ह्या जातीचे. दुसऱ्यात अर्जदाराचे वय, शिक्षण, भाषा व अनुभव ह्यांस गुण देऊन सरकारच निवड करते. कॅनडाची ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ व जर्मनीचे ‘संधी-पत्र’ ही त्याची उदाहरणे. पहिल्या मार्गात मालकाची पत पारखावी लागते, दुसऱ्यात स्वतःची. दोहोंची गल्लत झाली की मध्यस्थाचे फावते.

२. ब्रिटनची रीत

नायजेरियन तरुणांचा सर्वाधिक परिचयाचा मार्ग ब्रिटनचा. सध्याचा कुशल कामगार व्हिसा १ डिसेंबर २०२० पासून सुरू झाला. त्याची रचना अशी : मालकाने प्रथम ब्रिटिश गृहखात्याकडून प्रायोजकाचा परवाना मिळवावयाचा. मग विशिष्ट पदासाठी, विशिष्ट व्यक्तीच्या नावे तो एक प्रायोजकत्वाचा दाखला देतो. हा दाखला म्हणजे क्रमांक असलेली सरकारी दप्तरातील नोंद होय. दाखला मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो.

येथे हुंडीचा दृष्टान्त थोडा सुधारून घेतला पाहिजे. हुंडी एकाने दुसऱ्यास विकता येते. हा दाखला विकता येत नाही. तो ज्याच्या नावे आहे त्याचाच, आणि ज्या पदासाठी आहे त्या पदापुरताच. म्हणून लागोस किंवा अबुजा येथे कोणी ‘दाखला विकत देतो’ असे म्हणाला, तर विकता न येणारी वस्तू तो विकत आहे, एवढे ओळखण्यास कायद्याच्या पदवीची गरज नाही.

अलीकडे ही वाट बरीच अरुंद झाली. किमान वार्षिक वेतनाची सर्वसाधारण मर्यादा ४ एप्रिल २०२४ रोजी २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर, आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंडांवर नेण्यात आली. त्याच दिवसापासून नव्या अर्जदारांसाठी काम सामान्यतः पदवीच्या दर्जाचे असावे लागते, आणि वृद्ध व आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांची परदेशातून भरती बंद झाली. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळीही वाढवून बी-२ करण्यात आली. आरोग्यसेवेतील अनेक पदांना निराळी वेतनश्रेणी लागू आहे. नायजेरियन अर्जदारास ह्याखेरीज क्षयरोग नसल्याचा दाखला द्यावा लागतो.

डॉक्टर व परिचारिका ह्यांच्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी प्रसिद्ध केली. ह्या देशांत आरोग्यसेवकांची इतकी टंचाई आहे की त्यांना संरक्षण द्यावे, असा तिचा आशय. नायजेरिया त्या यादीत आहे. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार अशा देशांत जाऊन भरतीची मोहीम काढू नये. मात्र एखाद्या परिचारिकेने जाहिरात वाचून स्वतः थेट अर्ज केला तर त्यास हरकत नाही. अर्थात् ‘अमुक ब्रिटिश रुग्णालयाने मला येथे माणसे गोळा करण्यास पाठविले आहे’ असे सांगणारा दलाल आपल्या पहिल्याच वाक्यात संशयास पात्र ठरतो.

३. खर्चाचा हिशेब

आता जमाखर्च मांडू. एप्रिल २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे देशाबाहेरून केलेल्या, तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाचे अर्जशुल्क ७६९ पौंड. आरोग्य-अधिभार दरसाल १,०३५ पौंड, म्हणजे तीन वर्षांचे ३,१०५. एकूण ३,८७४ पौंड. एका पौंडास सुमारे २,००० नायरा धरल्यास ही रक्कम साडेसत्याहत्तर लाख नायरांच्या घरात जाते. नायजेरियातील किमान मासिक वेतन जुलै २०२४ पासून ७०,००० नायरा आहे. म्हणजे हा एका माणसाचा खर्च किमान वेतनाच्या नऊ वर्षांच्या कमाईएवढा झाला. प्रवासभाडे, परीक्षाशुल्क व कुटुंबीयांचे खर्च ह्यात धरलेले नाहीत. आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्यास मात्र हा अधिभार माफ आहे व अर्जशुल्कही कमी आहे.

ह्या हिशेबाचे दुसरे पान मालकाचे. प्रायोजकाच्या परवान्याचे शुल्क, दाखल्याचे शुल्क आणि कौशल्य-आकार ही तीन खाती मालकाच्या नावे पडतात. कौशल्य-आकार कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहेच. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या दाखल्यांबाबत परवान्याचे व दाखल्याचे शुल्कही त्याच्या माथी मारता येत नाही. जो मालक वा मध्यस्थ ‘दाखल्याचे पैसे द्या’ म्हणतो, तो आपले देणे दुसऱ्याच्या खाती लिहीत आहे.

४. पेढी बुडाली म्हणजे

ज्या धोक्याची कल्पना निघताना सहसा कोणी देत नाही, तो हा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने शुश्रूषा-सेवकांना ह्या व्हिसाचे दार उघडले, आणि नायजेरियासह अनेक देशांतून माणसे गेली. काही मालकांकडे पुरेसे काम नव्हतेच. दाखले तेवढे दिले गेले. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ ह्या काळात ह्या क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने सरकारने रद्द केले. ऑक्टोबर २०२० पासून अशा मालकांशी जोडले गेलेले सर्व देशांचे कामगार ३९,००० हून अधिक होते.

मालकाचा परवाना गेला म्हणजे कामगाराच्या व्हिसाचा आधार जातो. त्यास सामान्यतः साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवा प्रायोजक शोधावा, अन्यथा देश सोडावा. कामगाराने कोणताही अपराध केलेला नसला तरी नियम हाच. घरी शेत वा दागिने विकून पैसे उभे केलेले, परक्या गावी ओळख नाही, आणि हाती साठ दिवस. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडातील शुश्रूषा-संस्थांनी अशा उघड्यावर पडलेल्या कामगारांतूनच प्रथम भरतीचा प्रयत्न करावा असा नियम झाला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

५. कॅनडा, जर्मनी व अमेरिका

कॅनडाची एक्स्प्रेस एन्ट्री पद्धत जानेवारी २०१५ पासून आहे. ती तात्पुरता काम-परवाना देत नाही, कायम वास्तव्य देते. तिच्यातील कुशल कामगारांच्या योजनेत शंभरपैकी किमान ६७ गुण लागतात : भाषेस २८, शिक्षणास २५, अनुभवास १५, वयास १२, ठरलेल्या नोकरीस १० आणि तेथे रुळण्याच्या क्षमतेस १०. ह्या पात्रतेनंतर उमेदवारांची दुसरी, मोठी क्रमवारी लागते. तीत नोकरीच्या प्रस्तावास अधिक गुण मिळत, म्हणून असे प्रस्ताव बाजारात विकले जाऊ लागले. अखेर २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने क्रमवारीतील ते गुणच काढून टाकले. खोट्या मालाने खऱ्या मालाचा भाव कसा पाडला, ह्याचा हा धडा आहे. तात्पुरत्या काम-परवान्यासाठी बहुधा मालकास सरकारी श्रमबाजार-तपासणीचा दाखला काढावा लागतो. त्याचे १,००० कॅनडियन डॉलर मालकानेच भरावयाचे असतात.

जर्मनीत विद्यापीठाची पदवी व ठराविक वेतनाची नोकरी हाती असेल तर ‘ब्ल्यू कार्ड’ मिळते. नोकरी नसेल त्यांच्यासाठी १ जून २०२४ पासून संधी-पत्र निघाले आहे. स्वदेशात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, जर्मन भाषेची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी, आणि किमान सहा गुण असल्यास एक वर्ष तेथे राहून काम शोधता येते; त्या काळात आठवड्यास वीस तासांपर्यंत नोकरीही करता येते. मात्र निर्वाहाची रक्कम आधी दाखवावी लागते. २०२५ साठी ती दरमहा १,०९१ युरो होती. डॉक्टर व परिचारिका ह्यांना तेथे व्यवसायाची स्वतंत्र अनुज्ञा लागते, आणि तिचा पाया जर्मन भाषा हाच आहे.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाची वार्षिक सर्वसाधारण संख्या ६५,०००, व तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. अर्ज मालकच करतो. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरील नव्या उमेदवारांच्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसविण्यात आला. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून नायजेरियन नागरिकांच्या स्थलांतर, पर्यटन व विद्यार्थी व्हिसांवरही निर्बंध आले. ही वाट तूर्त फार थोड्यांची आहे.

६. खोटा कागद

ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक आढळल्यास दहा वर्षांपर्यंत पुढील अर्ज नाकारले जाऊ शकतात. दलालाने खोटा दाखला जोडला तरी शिक्षा अर्जदारास. इतकेच नव्हे, खोट्याचा डाग खऱ्यासही लागतो. २०२३ मध्ये ब्रिटनच्या परिचारिका परिषदेने इबादान येथील एका केंद्रातील संगणक-परीक्षेत गैरप्रकाराचा पुरावा आढळल्याचे जाहीर केले; तेव्हा तेथे प्रामाणिकपणे परीक्षा दिलेल्यांनाही ती पुन्हा देण्यास सांगण्यात आले.

आपल्या परंपरेत ह्या दोषांना शतकानुशतके नावे आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लेख करणे, सांगितले आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ व ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे राज्याचे नियम ओलांडणे व खऱ्याच्या जागी नकली वस्तू देणे, हे दोष आहेत. काम नसताना कामाचा दाखला देणारा मालक ह्या तिन्ही दोषांत सापडतो.

७. पाठाचे सार

नायजेरियन असो वा भारतीय, निघणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत.

१) मार्ग मालकाशी बांधलेला आहे की गुणांवर आधारलेला?
२) मालकाचे नाव सरकारी यादीत आहे काय? ब्रिटनमधील परवानाधारक प्रायोजकांची यादी कोणासही विनामूल्य पाहता येते.
३) वेतन, पद व शिक्षण आजच्या नियमांत बसते काय? गतवर्षीचा नियम आज चालेलच असे नाही.
४) कोणते शुल्क माझे व कोणते मालकाचे? नोकरीसाठीच पैसे मागितले जात असतील तर बोलणे तेथेच थांबवावे.
५) मालकाचा परवाना उद्या रद्द झाला तर साठ दिवस निभावण्यापुरती शिल्लक आहे काय?

सभासद बंधु-भगिनींनी सहावा प्रश्न स्वतःस विचारावा. आपल्या पेढीवर दूरच्या गावाहून आलेला माणूस आपल्या शब्दावर घर सोडून येतो. आपण दिलेल्या शब्दामागे तेवढे काम व तेवढा पगार खरोखर आहे काय? परवान्यावर नाव नोकराचे असते, पण त्यावरची अदृश्य सही मालकाच्या पतीची असते. ती सही खोटी ठरली तर नुकसान प्रथम गरिबाचे होते, आणि मागाहून साऱ्या बाजाराचे.