घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं

स्तनाचा कर्करोग माझ्या हाडांत पसरला आहे, हे घरातल्या सगळ्यांना माझ्या आधी माहीत होतं. पेट स्कॅनचा रिपोर्ट मुलाने घेतला, डॉक्टर त्याच्याशी बाहेर बोलले, आणि मला ‘मणक्याची झीज आहे’ एवढंच सांगितलं गेलं. माझ्यावरच्या मायेपोटीच त्यांनी ते केलं. पण मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. जाऊबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात जायच्या. त्या दिवसांत मला आली तेवढी एकटेपणाची जाणीव पुढे केमोतही आली नाही.

म्हणून घरच्यांना हात जोडून सांगते, आजार ज्याचा त्याच्यापासून लपवू नका. आणि बायांनो, आपली फाईल आपण मागून घ्या. समजत नसेल तर डॉक्टरांनाच विचारा: कुठे पसरलंय? हार्मोन रिसेप्टर आहेत का? हर-टू आहे का? पसरलेल्या जागेची बायोप्सी पुन्हा करायची का? हे शेवटचं विचाराच, कारण पहिल्या गाठीचा प्रकार आणि नंतरच्या गाठीचा प्रकार कधी कधी वेगळा निघतो आणि त्यावर औषध बदलतं. हाडांत गेलेला असला तरी तो स्तनाचाच कर्करोग असतो, उपचारही त्याचेच होतात. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवतात. हे ऐकायला कठीण आहे. पण खरं कळल्यावर मला निदान पुढचं ठरवता आलं.

मणक्यात आजार असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पाय अचानक लुळे पडल्यासारखे वाटले, बधीर झाले, लघवी अडली किंवा सुटली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर पायांतली ताकद परत येईलच असं नाही. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दात तपासून घ्या. नंतर दात काढावा लागला तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

आता दुखण्याविषयी. आपल्याकडे बाई दुखणं गिळते आणि लोक तिला सोशिक म्हणतात. पॅलिएटिव्ह केअरच्या ओपीडीत मला पाठवलं तेव्हा बहीण दारावरची पाटी वाचून रडायलाच लागली. तिला वाटलं, आता सगळं संपलं. तसं नसतं. कर्करोगाचे उपचार चालू असतानाच ही मदत घ्यायची असते. तिथल्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न झोपेबद्दल विचारला. मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या, त्यांनी बद्धकोष्ठता होते म्हणून पोट साफ होण्याचं औषधही सोबतच दिलं. व्यसन लागेल या भीतीने अनेक जणी त्या गोळ्या घेत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फीनची अशी धास्ती बाळगू नका. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हे काम विनामूल्य करतं. दुखणं आटोक्यात आणून पेशंटला घरी पाठवतात, घरच्यांना सेवा कशी करायची तेही शिकवतात.

मुंबईला उपचारासाठी येणाऱ्यांनी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांची चौकशी आधी करावी. हॉस्पिटलच्या दाखल्यावर रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. टाटा हॉस्पिटलात व्ही केअरचे स्वयंसेवक भेटतात, त्यांतले काही जण स्वतः या आजारातून गेलेले असतात. त्यांच्याशी बोला.

आधारगट निवडताना मात्र जरा बघून घ्या. मी प्रथम ज्या गटात गेले तिथे सगळ्या बऱ्या झालेल्या होत्या. ‘तूही जिंकशील’ म्हणून टाळ्या वाजायच्या. भल्या बायका, पण माझा उपचार कधीच संपणार नाही हे तिथे बोलायला जागा नव्हती. ती जागा मला डे-केअरमध्ये सलाईन लावून बसलेल्या बायांत मिळाली. नखं काळी पडल्याचं, ब्लाउज कसा शिवायचा याचं, नवऱ्याजवळ झोपण्याचंसुद्धा आम्ही बोलतो. अशा गटात मैत्रिणी जातात, हे मनाशी धरूनच जा. आमच्यातली एक गेली तेव्हा मी दोन महिने फोन उचलत नव्हते. तरीही त्या फोन करत राहिल्या, कधी नुसतं ‘जेवलीस का’ विचारायला. मी त्यांच्यात परत गेले. तिच्याबद्दल मोकळं बोलता येईल अशा तेवढ्याच जणी होत्या.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नातेवाइकांना, मनापासून काही करावंसं वाटतं त्यांना, एवढंच सांगणं आहे. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, आम्हाला मागणं जमत नाही. ‘गुरुवारी रक्ततपासणीला मी नेते, भाजीपोळी माझ्याकडून’ असं म्हणा. आणि कुठल्या तरी वैद्यांचा, हमखास बरं करणाऱ्या काढ्याचा नंबर आणणार असाल, तर त्याऐवजी या आणि थोडा वेळ बसा.