जुने लष्करी बिनतारी संच : वीज आणि मेळ
अमरावती वा अकोल्यातील एखाद्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत जुना लष्करी बिनतारी संच आला, तर तो चालतो का हे पाहण्याआधी तो कोणत्या विजेवर चालतो हे पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांत बसविलेला ब्रिटिश ‘क्रमांक १९’ हा संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. सोबतची पुरवठा-पेटी त्यातूनच सुमारे २७५ आणि ५०० हून अधिक व्होल्टचा दाब निर्माण करी. घरगुती २३० व्होल्टला तो थेट जोडणे म्हणजे जाळणेच. पाठीवरच्या ‘क्रमांक १८’ ला तर खास कोरड्या बॅटऱ्या लागत.

एका सैन्याचे संचही परस्परांशी बोलतीलच असे नाही. १९ चा पट्टा २ ते ८ मेगाहर्ट्‌झ, १८ चा ६ ते ९. मधल्या भागात त्यांचा मेळ बसे. अमेरिकन ‘एससीआर-३००’ मात्र ४० ते ४८ वर, तोही एफ.एम. पद्धतीने चाले.

वऱ्हाडी उन्हाळे सोसलेल्या संचातील कागदी कंडेन्सर बहुधा निकामी झालेले असतात. ते बदलल्याविना वीज देऊ नये. वीज तोडल्यावरही त्यांत भार उरतो, आणि विद्यार्थ्याचा हात तेथेच जातो. बिनतारी यंत्र नुसते बाळगण्यासही १९३३ च्या कायद्याने परवाना लागे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तशी अट आहे.