देवपूर ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

धुळे शहराचा पांझरा नदीपलीकडील भाग म्हणजे देवपूर. येथून नागपूर किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कापूस संशोधनासाठी 1976 साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था नागपुरात आहे आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही तेथेच भरते. त्यामुळे खानदेशातील शेतकरी, अधिकारी व पंचायत सदस्य यांना हा प्रश्न वारंवार पडतो.

प्रथम सरळ रेषेतील अंतर पाहू. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, 21 अंशांच्या आसपास आहेत. त्यांच्या रेखांशांत मात्र सुमारे 4.3 अंशांचा फरक आहे. या अक्षांशावर एक रेखांश म्हणजे सुमारे 104 किलोमीटर. त्यावरून हवाई अंतर साधारण 450 किलोमीटर निघते. शिक्षकांना हे गणित वर्गात नकाशावर सहज करून घेता येईल. त्याच फरकामुळे नागपूरला सूर्य धुळ्यापेक्षा सुमारे 17 मिनिटे आधी उगवतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवितात.

जमिनीवरचा मार्ग असा सरळ नाही. जळगाव, अकोला, अमरावती या रस्त्याने 500 किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. रेल्वेने आधी 56 किलोमीटर दक्षिणेला चाळीसगाव गाठावे लागते व तेथून भुसावळमार्गे पूर्वेकडे वळावे लागते. एकूण अंतर सुमारे 565 किलोमीटर होते.

आता विमानाचा विचार. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या लहान विमानाला 450 किलोमीटर जाण्यास, चढण्या-उतरण्याचा वेळ धरून, सव्वा तास पुरेल. पण धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. तेथून नियमित प्रवासी सेवा नाही. जळगावहून डिसेंबर 2017 मध्ये ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली, मध्यंतरी ती खंडितही झाली. मुंबईमार्गे जावयाचे म्हटले, तर पूर्वेला जाण्यासाठी प्रवाशाने आधी सव्वातीनशे किलोमीटर नैर्ऋत्येला जावे, असा हा उलटा प्रवास आहे! रस्त्याने साडेसहा तास, विमानतळावर दोन तास, उड्डाणाचा दीड तास आणि नागपुरात बाहेर पडून मुक्कामी पोहोचण्यास एक तास धरला, तर अकरा तास होतात. तेवढ्या अवधीत मोटार देवपूरहून थेट नागपूरला पोहोचते.

वेळापत्रकातील उड्डाणाची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणी, सामानाची प्रतीक्षा तिच्यात धरलेली नसते. जिल्ह्यातील प्रतिनिधींना नागपूरच्या बैठकीस सकाळी अकराची वेळ देणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावयास हवा. चाळीसगावहून रात्रीची गाडी धरणारा सदस्य सकाळी नागपुरात उतरतो, पण त्यासाठी त्याला आदल्या दिवशी संध्याकाळीच देवपूर सोडावे लागते. परतीचा प्रवास धरता एका बैठकीसाठी त्याच्या दोन रात्री जातात.