बी.ई. नंतर काय? आधी हे तीन प्रश्न!

सहावं सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलवर एकच विषय असतो. मेसच्या रांगेत, वॉटर कूलरपाशी, सबमिशनच्या आदल्या रात्री फाइली पुऱ्या करताना एकच चर्चा, "तू पुढे काय करणार?" कुणी म्हणतं गेट, कुणी एम.एस., कुणी कॅट, कुणी सीडॅक. आठवड्याने तीच माणसं वेगळं सांगतात, कारण मधल्या काळात शेजारच्या रूममध्ये कुणीतरी वेगळं ठरवलेलं असतं!

मित्रांनो, मला वाटतं 'कोणता कोर्स?' हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारायला हवेत. मला काम कोणतं करायचंय? पैसे कुठून येणार? आणि फॉर्म कधी भरायचा?

१) काम कोणतं?

एम.टेक. म्हणजे बी.ई.ची पुढची दोन सेमिस्टर्स नव्हेत. एकाच विषयात खोल जायचं, आणि दुसरं वर्ष बहुतेक थिसिसमध्ये घालवायचं. ज्याला डिझाइन, संशोधन किंवा शिकवण्याची आवड आहे त्याला ते मानवेल. नुसतं 'अजून एक डिग्री असू दे' म्हणून जाणाऱ्याला तो थिसिस फार जड जातो.

लवकर नोकरीला लागायचं असेल तर प्रशिक्षणाचे छोटे रस्ते आहेत. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सीडॅकचा पीजी-डॅक हा साधारण सहा महिन्यांचा डिप्लोमा सॉफ्टवेअरसाठी आहे. एम्बेडेड आणि व्हीएलएसआयचे वेगळे डिप्लोमा आहेत. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून मिळतो. सिव्हिलवाल्यांना बांधकाम व्यवस्थापनासाठी पुण्याचं निकमार आहे. मेकॅनिकलवाल्यांना टूल आणि डाय शिकायचं तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. फॅक्टरीचा अनुभव हवा असेल तर सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप योजनेत एक वर्ष स्टायपेंड घेऊन काम शिकता येतं. पश्चिम विभागाचं त्याचं ऑफिस मुंबईतच आहे.

एक रस्ता आपल्याकडे फार कमी जण विचारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून चालू आहे. तिथे इंजिनियरना एक वर्ष स्टायपेंडसह शिकवतात आणि ते नीट पूर्ण केलं की वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतात. निवड गेटच्या स्कोअरवर किंवा त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होते, मग इंटरव्ह्यू. पदवीला किमान ६० टक्के लागतात. म्हणजे 'फर्स्ट क्लासचा काय उपयोग?' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं!

२) पैसे कुठून?

हा प्रश्न विचारायला आपण लाजतो. पण घरी त्याचं उत्तर आपल्याला नाही, आईवडिलांना द्यावं लागतं.

गेट पास होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला गेलं तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. दोन वर्षांचे साधारण तीन लाख होतात. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करण्याचीही सोय आहे. तिथे लॅबचं काम सांभाळत शिकायचं असतं.

परदेशाचं गणित वेगळं. समजा २० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं, तर शिकण्याच्या दोन वर्षांत नुसतं सरळ व्याजच ४ लाख होतं. मोठ्या रकमेला बँक बहुतेकदा तारण मागते, म्हणजे घराचे किंवा जमिनीचे कागद. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते हे खरं, पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय राहण्या-जेवण्याचा वर्षभराचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. 'जर्मनी फुकट' हे वाक्य घरी सांगण्याआधी हा हिशेब सांगा.

मदतही आहे. १८९२ मध्ये सुरू झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट निवडक विद्यार्थ्यांना कर्ज-शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या अटी नीट वाचून घ्याव्यात.

३) फॉर्म कधी?

सगळ्यात जास्त संधी बुद्धीअभावी नाही, तारखेअभावी जातात. गेटची परीक्षा फेब्रुवारीत असते, पण फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला भरावा लागतो. म्हणजे आपण गणपतीत गावी असतो तेव्हा! थर्ड इयरलाही गेट देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. ६५ प्रश्न, १०० मार्क, ३ तास. त्यात १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, जे कुठल्याही ब्रँचला सारखेच.

अमेरिकेत ऑगस्टमध्ये कोर्स सुरू होतो, पण बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख आदल्या डिसेंबर-जानेवारीत असते. जीआरई स्कोअर पाच वर्षं चालतो, टोफेल दोनच वर्षं. म्हणून जीआरई आधी देऊन ठेवली तरी चालते, टोफेलची घाई नको. सी-कॅट वर्षातून दोनदा होते, त्यामुळे निकाल उशिरा लागला तरी धीर सोडू नका.

सोपी पद्धत सांगते. ज्या महिन्यात कोर्स सुरू होतो तो कॅलेंडरवर लिहा आणि तिथून मागे मोजत या. बहुतेकदा उत्तर 'आत्ताच' असंच येतं!

जाहिरात वाचताना

आमच्या एका सीनियरने शहरातल्या एका क्लासची 'नोकरीची हमी' बघून ८० हजार भरले. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. करारात बारीक अक्षरात 'सहाय्य' लिहिलं होतं, 'हमी' नव्हे. सहा महिन्यांनी हातात सर्टिफिकेट तेवढं आलं.

म्हणून आकडे तपासा. दहा मुलांत एकाला २० लाख आणि नऊ जणांना ३ लाख मिळाले, तर सरासरी ४.७ लाख छापता येते आणि 'हायेस्ट पॅकेज २० लाख' असा बोर्डही लावता येतो. पण मधल्या मुलाला मिळतात ३ लाखच. तेव्हा विचारायचं ते मधल्या मुलाचं. किती जण बसले, किती जणांना मिळाली, तेही विचारा. संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का ते बघा. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते, तीही चाळा. आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या निदान दोघांशी बोला. एक खूश असलेला, एक वैतागलेला.

शेवटी थोडं आपल्यातलं

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ही इंग्रजी माहितीपत्रकं मला पटकन कळतात. पण आमच्या विंगमध्ये माझ्यापेक्षा गणितात कितीतरी हुशार मुली आहेत आणि त्या 'एलिजिबिलिटी'चं पान बघूनच मागे फिरतात. हे बरोबर नाही. माहिती कुणा एकाची नसते. होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कोपरा फक्त तारखांसाठी ठेवूया, मराठीत. मी गेट आणि सी-कॅटचं लिहायला तयार आहे. जीआरईचं, बँकांचं, शिष्यवृत्त्यांचं कुणीतरी घ्या.

सर आणि मॅडमना एक विनंती. शिफारसपत्र मागायला आम्ही शेवटच्या दिवशी धावत येतो, तेव्हा रागवा जरूर. पण सहाव्या सेमिस्टरलाच एखाद्या लेक्चरमध्ये दहा मिनिटं हा विषय काढा. ज्यांच्या घरात पहिलाच इंजिनियर होतोय, त्यांना हे सांगणारं दुसरं कुणी नसतं.

आणि तुम्ही, पी.एल. सुरू व्हायच्या आत एका कागदावर तीन ओळी लिहा. काम, पैसे, तारीख. कोर्सचं नाव चौथ्या ओळीत लिहायचं. ऑल द बेस्ट!